मुख्याध्यापक प्रशिक्षण आणि माजी प्रशिक्षणार्थींचा अभिप्राय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटाचे, म्हणजे ‘केंद्रा’चे प्रमुख) यांच्यासाठीचे अभ्यासक्रम चालवणारे समन्वयक माजी प्रशिक्षणार्थींकडून अभिप्राय कसा घ्यायचा आणि त्याचं काय करायचं याबद्दल एकमेकांना फोन करून जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका अभ्यास केंद्राच्या अनुभवातून आली आहेत. सगळीकडे जशीच्या तशी लागू पडतीलच असं नाही.

हे नेमकं कोणत्या अभ्यासक्रमांना लागू होतं?

ज्यातून माणूस शिकून बाहेर पडतो आणि शाळा चालवायला जातो, अशा कुठल्याही अभ्यासक्रमाला. मग ती यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका असो, छत्रपती संभाजीनगरच्या मिपाचं (राज्याच्या शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेचं) प्रशिक्षण असो, नाहीतर डाएटमधला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतला) पाच दिवसांचा वर्ग.

शेवटच्या दिवशी आम्ही अभिप्राय फॉर्म भरून घेतोच. तेवढं पुरत नाही का?

नाही. आणि हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून सांगतो आहे.

मी स्वतः प्रशिक्षणार्थी होतो तेव्हाचा शेवटचा दिवस आठवतो. समोर प्रमाणपत्रांचा गठ्ठा, शेजारी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा. फॉर्म दिल्याशिवाय प्रमाणपत्र हातात पडणार नव्हतं. साडेचार वाजले होते, अर्ध्या लोकांचं लक्ष एसटीच्या वेळेकडे. एकाने सगळीकडे ‘अतिउत्तम’वर टिक मारली, बाकीच्यांनी त्याचं बघून मारली. ‘सुधारणेसाठी सूचना’ या रकान्यात एकाच विषयावर एकमत झालं: दुपारचं वरण थंड होतं. पुढच्या वर्षी त्या केंद्राने आचारी बदलला. अभ्यासक्रम होता तसाच राहिला.

यात कोणी खोटं बोललं असं नाही. त्या दिवशी त्यांना माहीत होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून प्रशिक्षणाचं मूल्यमापन चार पायऱ्यांत मांडलं: प्रतिक्रिया, शिकणं, प्रत्यक्ष कामातलं वर्तन आणि परिणाम. शेवटच्या दिवसाचा फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतो. वर्ग आवडला की नाही ते त्यातून कळतं. वर्गात शिकवलेलं शाळेच्या ऑफिसात उपयोगी पडलं का, हे कळायला आधी माणसाला त्या खुर्चीत बसू द्यावं लागतं.

फॉर्म बंद करा असं मात्र नाही. जेवण, राहण्याची सोय, माइकचा आवाज यासाठी तो चांगला आहे. फक्त त्याला अभ्यासक्रमाचं मूल्यमापन म्हणू नका.

मग विचारायचं कधी?

शाळेच्या वर्षाकडे बघून. मुख्याध्यापकाचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही आणि तुमच्या तुकडीच्या तारखांशीही त्याचं काही देणंघेणं नसतं. जूनमध्ये चार्ज (पदभार), प्रवेश आणि पुस्तकवाटप. मग ३० सप्टेंबरचा पट (विद्यार्थिसंख्या), यू-डायस प्लस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, त्यावर अवलंबून असलेली संच मान्यता (शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरणं) आणि तिच्या पोटात दडलेली, एखादा शिक्षक अतिरिक्त ठरेल ही धास्ती. मार्चमध्ये खर्चाचा ताळमेळ, निकाल आणि लेखापरीक्षणाची तयारी.

आम्ही तीनदा विचारतो: ऑगस्टमध्ये, दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि एप्रिलच्या शेवटी. प्रत्येक वेळी चार-पाचच प्रश्न, तेही नुकत्याच होऊन गेलेल्या कामाबद्दल. वर्षाच्या शेवटी एकदम चाळीस प्रश्न पाठवले, तर ‘सर्व काही छान होते’ एवढंच उत्तर येतं.

अमेरिकेत शालेय नेतृत्वाचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेची ‘इन्स्पायर’ नावाची सर्वेक्षणं आहेत. त्यांत नुकत्याच बाहेर पडलेल्यांसाठी वेगळी प्रश्नावली आणि जुन्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी. त्यांच्या प्रश्नांचा इथे काही उपयोग नाही, त्यांचे प्राचार्य आणि आपले मुख्याध्यापक यांच्या कामात फार अंतर आहे. पण दोन वेळांना दोन प्रश्नावल्या ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

प्रश्न कोणते विचारायचे?

‘प्रशिक्षण कितपत उपयुक्त वाटले?’ हा प्रश्न आधी खोडा. गुरुजनांना नावं ठेवू नयेत असं वळण लागलेली आपली माणसं आहेत. उपयुक्त वाटलं नाही असं तुमच्या तोंडावर कोण म्हणेल?

आमच्याकडे सगळ्यात जास्त माहिती एका साध्या प्रश्नातून आली: पहिल्या वर्षात काही अडलं म्हणून तुम्ही कोणाला फोन केलात, आणि काय विचारलंत?

हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता, एका बाईंमुळे तो मिळाला. दुशिक्षकी शाळा, नुकताच घेतलेला चार्ज. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून शंभर पानी वही काढली. डाव्या बाजूला तारीख, मध्ये कोणाला फोन केला, उजवीकडे उत्तर. वाचत गेलो:

‘डेडस्टॉकला (सामानाच्या नोंदवहीत) खुर्च्या १२, प्रत्यक्षात ८. चार्ज यादीवर सही करू का?’

‘मुलाच्या दाखल्यावर आणि आधारवर नाव वेगळं. जनरल रजिस्टरला (विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत) कोणतं चढवायचं?’

‘तांदळाचं पोतं वजनाला कमी भरलं. नोंद कशी घ्यायची?’

‘समितीच्या सभेला चारच पालक आले. इतिवृत्त लिहायचं का?’

फोन कोणाला केले होते? शेजारच्या शाळेतल्या एका निवृत्तीला आलेल्या गुरुजींना. एकही फोन आमच्या केंद्राला नव्हता. बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “सर, तुमच्याकडे आम्ही नेतृत्वाच्या शैली शिकलो. खुर्च्यांचं तुम्हाला कसं विचारणार?”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. नेतृत्वाच्या शैलींवर आमच्या दोन तासिका होत्या. चार्ज घेण्यावर एकही नव्हती. आता अर्धा दिवस तेवढ्यावरच जातो. जुन्या कोऱ्या नोंदवह्या आणतो, जाणूनबुजून चुका भरलेली चार्ज यादी हातात देतो आणि खोलीतल्या वस्तू प्रत्यक्ष मोजायला लावतो. खुर्च्या कमी असल्या तर सही अडवून बसायचं नाही आणि मुकाट्याने ठोकूनही द्यायची नाही. तुटीची नोंद यादीवरच करून, देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या घेऊन वरिष्ठांना कळवायचं. हे एका वाक्यात सांगता येतं. पण समोर आपल्यापेक्षा ज्येष्ठ गुरुजी “अहो, चालतंय, करा सही” म्हणत उभे असतात, तेव्हा ते वाक्य तोंडातून निघत नाही. म्हणून आम्ही एकाला ज्येष्ठ गुरुजी बनवतो आणि ते वाक्य म्हणायला लावतो.

फोनच्या प्रश्नाला जोड म्हणून आणखी दोन: कोणतं काम तुम्ही लिपिकावर किंवा सहकाऱ्यावर सोडून दिलं, कारण ते तुम्हाला येत नव्हतं? आणि आमच्या वर्गातला कोणता कागद तुम्ही नंतर पुन्हा उघडला? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘एकही नाही’ असं येतं. ते ऐकायची तयारी ठेवा.

१ ते ५ गुण द्यायला सांगावं की मोकळं लिहायला?

मोकळं लिहायला, आणि जमलं तर बोलायला. गुणांची सरासरी अहवालात सुरेख दिसते, पण ४.२ वरून ४.४ झाल्याने सोमवारी वर्गात काय बदलायचं ते कळत नाही.

उत्तरं फारच कमी येतात. काय करावं?

समजा ४० जणांची तुकडी होती आणि ११ जणांनी फॉर्म भरला. बरेच जण त्या ११ वरून टक्केवारी काढून मोकळे होतात. आधी बघा, उरलेले २९ कोण आहेत. काहींची बदली झालेली असते, काहींचा नंबर बदललेला असतो, काही पदविका मिळाल्यावर या विषयाकडे फिरकलेलेच नसतात. आणि काही जण इतके अडचणीत असतात की फॉर्म भरणं ही त्यांच्या दिवसातली शेवटची गोष्ट. तुम्हाला हवा असतो तो नेमका हा शेवटचा गट.

त्यामुळे पुन्हा-पुन्हा लिंक पाठवण्यापेक्षा न भरलेल्यांपैकी आठ-दहा जणांना फोन करा. पंधरा मिनिटं बोलणं, समोर वही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या तुकडीच्या गटावर अभिप्राय मागू नका. तिथे पहिला जण ‘खूप छान सर’ लिहितो आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. गटावर साधनव्यक्तीही (वर्गात शिकवायला आलेले) असतात, हे कोणी विसरत नाही.

पदविका घेऊनही जे अजून मुख्याध्यापक झाले नाहीत, त्यांचं मत धरायचं का?

धरायचं, पण वेगळ्या खात्यात. आपल्याकडे शिकून बाहेर पडलं की पद मिळतं असं नसतं. खाजगी अनुदानित शाळांत १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे ज्येष्ठतेला महत्त्व, त्यामुळे पदविका हातात घेऊन वर्षानुवर्षं वाट बघणारे असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी १५० पेक्षा जास्त आणि सहावी ते आठवीसाठी १०० पेक्षा जास्त पट असेल तर स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. त्याखालच्या लहान शाळांत ज्येष्ठ शिक्षकच वर्ग सांभाळून कारभार बघतो.

हा ‘प्रभारी’ माणूस तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. पदाचा मान नाही, काम सगळं, आणि शिवाय इयत्ता तिसरी-चौथी एकत्र. आमच्या अभ्यासक्रमातलं ‘वेळेचे व्यवस्थापन’ हे प्रकरण एका प्रभारींनी तीन वाक्यांत निकालात काढलं: “तुम्ही सांगता कामं वाटून द्या. कोणाला वाटू? आम्ही दोघंच आहोत, आणि दुसरा आज निवडणुकीच्या कामाला गेलाय.” ते प्रकरण आता आम्ही एक, दोन आणि दहापेक्षा जास्त शिक्षकांच्या शाळा अशा तीन तऱ्हांनी घेतो.

वाट बघणाऱ्यांना मात्र ‘प्रशिक्षण कामी आलं का’ हे विचारण्यात अर्थ नाही. त्यांना विचारा, तुमच्या शाळेतले सध्याचे मुख्याध्यापक कुठे अडकताना दिसतात? बाहेरून बघणाऱ्याला पुष्कळ दिसतं.

नाव लिहायला सांगावं का?

आपल्याकडची अडचण अशी की शिकवायला आलेले साधनव्यक्ती बरेचदा त्याच तालुक्याचे विस्तार अधिकारी किंवा केंद्रप्रमुख असतात. उद्या तेच शाळा तपासणीला येणार. अशा वेळी ‘निःसंकोच लिहा’ हे शब्द फॉर्मवर छापून काही होत नाही.

आम्ही नाव घेतो, कारण पुढे फोन करायचा असतो. पण नावं आणि उत्तरं वेगवेगळी ठेवतो, आणि साधनव्यक्तींना मूळ उत्तरं दाखवत नाही, सारांश दाखवतो. सारांशातही जपावं लागतं. ‘केंद्रातल्या एकमेव महिला मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की’ असं लिहिलं तर नाव लपवून उपयोग काय? माहिती कशासाठी घेतो आणि कोण बघणार, हे सुरुवातीला दोन ओळींत सांगा आणि त्याबाहेर ती वापरू नका. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहेच, पण तो नसता तरी हे पाळावंच लागलं असतं.

एकाला एक हवं, दुसऱ्याला भलतंच. कोणाचं ऐकायचं?

जिल्हा परिषदेच्या शाळेला पोषण आहाराच्या नोंदी आणि शाळा व्यवस्थापन समिती. अनुदानित माध्यमिकला शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), वेतनेतर अनुदान (पगाराशिवायच्या खर्चासाठीचं), संस्थाचालकांशी संबंध. विनाअनुदानितला फी आणि पालक. हे सगळे एकाच हॉलमध्ये बसलेले. सर्वांचं समाधान करायला गेलं की प्रत्येक विषय वीस मिनिटांचा होतो.

आम्ही सकाळी सर्वांना सामाईक ठेवतो आणि दुपारी शाळेच्या प्रकाराप्रमाणे गट पाडतो. उदाहरणार्थ, जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती. माध्यमिकवाल्यांना माध्यमिक शाळा संहितेतला नियम २६.४ उघडून वाचायला लावतो, कारण मूल शाळेत शिकत असतानाची दुरुस्ती आणि दाखला नेल्यावर काही वर्षांनी मागितलेली दुरुस्ती यांत फार फरक आहे, आणि पालक गयावया करत समोर उभा असला की तो फरक विसरला जातो.

पण मागणी आली म्हणून ती पुरवायचीच, असंही नको. माजी प्रशिक्षणार्थींचं सगळं ऐकलं तर अभ्यासक्रमात परिपत्रकं आणि नमुना-पत्रकंच उरतील. फोनच्या प्रश्नाचा दोष इथे आहे: माणूस फोन करतो तो सही अडली म्हणून. ‘पाचवीतली मुलं वाचत नाहीत, मी वर्गात जाऊन काय बघू?’ असा फोन कोणी केलेला मला आठवत नाही. सहकाऱ्याच्या वर्गात मागे बसून त्याचं शिकवणं बघणं आणि नंतर त्याला न दुखावता चार गोष्टी सांगणं, हे मुख्याध्यापकाचं खरं काम. ते राहिलं म्हणून कुणी नोटीस काढत नाही, त्यामुळे अभिप्रायात ते येतच नाही. अशा जागी अभिप्रायावर विसंबू नका. आम्ही वर्गनिरीक्षणाचे तास एकाही मागणीशिवाय वाढवले, आणि त्यावर कुरकुर झाली, अजून होते.

फक्त मुख्याध्यापकांनाच विचारायचं?

जमलं तर त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षकाला आणि समितीतल्या एका पालकालाही विचारा, मुख्याध्यापकांना सांगून. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. त्यांना नेतृत्वाबद्दल विचारू नका. ‘सभेचा विषय तुम्हाला आधी कळतो का, की नुसती सही घ्यायला वही घरी येते?’ एवढंच विचारा. लोकसहभागावरची आपली तासिका शाळेपर्यंत पोचली की नाही, ते समजतं.

अभ्यासक्रम वरून ठरतो. आमच्या हातात काय?

चौकट वरून येते हे खरं. दिल्लीच्या नीपाने (शैक्षणिक नियोजन व प्रशासनाच्या राष्ट्रीय संस्थेने) २०१२ मध्ये शालेय नेतृत्वाचं राष्ट्रीय केंद्र सुरू केलं, त्यांचा आराखडा आहे. राज्यात एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद) आणि मिपा आहेत, मुक्त विद्यापीठाची स्वतःची पुस्तकं आहेत. ती तुम्ही बदलू शकत नाही. पण उदाहरण कोणतं घ्यायचं, कोणता विषय आधी, कोणाला बोलवायचं आणि गृहपाठ काय द्यायचा, हे केंद्राच्या हातात असतं, आणि प्रशिक्षणार्थींच्या डोक्यात राहतं ते बहुतेक त्यातलंच.

प्रकल्पाचंच घ्या. माजी विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने कबूल केलं की प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार घेतला, वरचं पान बदललं. रागावून काय होणार? विषयच असे होते की कुठल्याही शाळेला चालावेत. आता प्रकल्प म्हणजे स्वतःच्या शाळेचा मागच्या तीन वर्षांचा पट, गळती कुठे झाली आणि कोणत्या तीन घरी जाऊन बोललात. हे दुकानात मिळत नाही.

ऑनलाइन अभ्यासक्रमांचं काय?

२०१९ मध्ये निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक-मुख्याध्यापक प्रशिक्षण सुरू झालं, पुढे ते दीक्षा या ऑनलाइन मंचावर आलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांसाठीही वर्षाला ५० तासांचा व्यावसायिक विकास सांगितला. त्यामुळे पूर्ण केल्याची प्रमाणपत्रं सर्वांकडे भरपूर आहेत. किती जणांनी पूर्ण केलं हा आकडा म्हणजे अभिप्राय नव्हे. ऑनलाइनवाल्यांनाही सहा महिन्यांनी तोच फोनचा प्रश्न विचारा.

एखाद्या साधनव्यक्तीविरुद्ध वारंवार तक्रार आली तर?

एकट्यात सांगा, उदाहरणासकट. दोनदा सांगून फरक पडला नाही तर पुढच्या वर्षी बोलावू नका. त्यासाठी समिती नेमायची गरज नाही.

बदल केले ते माजी प्रशिक्षणार्थींना कळवावं का?

हो, नाहीतर पुढच्या वेळी ते बोलणार नाहीत. आम्ही जूनच्या आधी एक पान पाठवतो: तुम्ही हे सांगितलंत, आम्ही हे केलं, आणि हे केलं नाही, कारण असं. ‘केलं नाही’ हा भाग गाळू नका, लोक तोच आधी वाचतात. ज्या बाईंच्या वहीमुळे चार्जची तासिका सुरू झाली, त्यांनाच आम्ही ती घ्यायला बोलावतो. येताना वही आणतात. आता दुसरी चालू आहे.

फोन करायचा तर कोणत्या वेळी?

शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाने. शाळेच्या वेळेत केला तर माणूस वर्ग सोडून बोलतो, आणि पगारबिलाच्या दिवसांत केला तर उत्तरं तुटक येतात. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बरं पडतं, पण एखाद्याची गाडी रस्त्यात असते, तेव्हा आधी विचारून घ्या. डोंगराकडच्या शाळांना रेंज नसते. तिथे शिक्षण परिषदेच्या (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीच्या) दिवशी केंद्रशाळेत, म्हणजे केंद्राच्या मुख्य शाळेत गाठा. चहाच्या सुट्टीत दोघं-तिघं एकदम भेटतात, आणि एकाने खुर्च्यांचा विषय काढला की बाकीचे आपापल्या खुर्च्या काढतात.